जुना करार, नवा करार, सोपा करार

आखातात 'करार' हा शब्द कानावर पडला की माणूस आधी दचकतो आणि मग तारीख विचारतो. आमचं सगळं आयुष्यच करारावर चाललेलं. करार संपला, करार वाढला, नव्या करारात विमानाचं तिकीट काढून टाकलं, वगैरे. त्यामुळे एका शुक्रवारी मेसमध्ये जेवताना नगरकरकाका समोरच्याला म्हणाले, "तुझ्याकडचा नवा करार दे रे दोन दिवस, बघू तरी काय लिहिलंय," तेव्हा शेजारच्या टेबलावरचा सोलापूरचा पोरगा ताट उचलूनच आमच्याकडे सरकला. "कुठल्या कंपनीचा हो? बेसिक किती देतायत?"

नवा करार म्हणजे बायबलचा उत्तरार्ध, येशूच्या जन्मापासून पुढचा, हे त्याला समजावून सांगेपर्यंत डाळ गार झाली. पोरगा हिरमुसला. पण त्या दिवसापासून आमच्या टेबलावर जो वाद सुरू झाला तो काही अजून थांबलेला नाही, आणि आज लिहायचं आहे ते त्या वादाविषयी.

आधी जागा सांगतो. अबकैक हे गाव धाहरानपासून नैऋत्येला साधारण साठ किलोमीटरवर. गाव म्हणण्यापेक्षा कारखान्याला चिकटलेली वस्ती म्हणा. कच्चं तेल 'स्थिर' करण्याचा जगातला सर्वांत मोठा कारखाना इथे आहे. १४ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे त्यावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचा हल्ला झाला, तेव्हा हे नाव एक-दोन आठवडे तुमच्याकडच्या पेपरांतही आलं होतं. एरवी इथे वाळू, पाइप आणि ज्वाळा. देऊळ नाही, चर्च नाही. या देशात इतर धर्मांच्या सार्वजनिक उपासनेला परवानगी नाही. चार भिंतींच्या आत जो तो आपापलं करतो, आणि मोठ्याने त्याची चर्चा करत नाही.

वादातले दोघेही ख्रिस्ती, दोघेही मराठी. त्यांची नावं देत नाही, गावांवरून म्हणतो. नगरकरकाका साठीला आलेले, प्रॉटेस्टंट, पणजोबांपासून अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले. (नगर आता कागदोपत्री अहिल्यानगर झालं आहे. काका अजून नगरच म्हणतात.) वसईकर चाळिशीतला, कॅथलिक, वाडीतला, घरी केळी आणि पानवेल. काका 'उपासनेला' जाणारे, हा 'मिस्साला' जाणारा. काकांच्या घरी टिळकांची भजनं, याच्याकडे जपमाळ. एका धर्माची माणसं, पण कित्येक शब्द वेगळे. मला स्वतःला यातलं काही येत नव्हतं. मी ज्ञानेश्वरीच्या घरातला. पण दोघांच्या मध्ये बसून ऐकायला कोणीतरी लागतं, ते काम माझ्याकडे आलं.

वसईकराकडे आहे ते 'सुबोध बायबल', फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलेलं. वसईतलेच ते, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते, हरित वसईच्या आंदोलनात होते, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ च्या जुलैमध्ये गेले. राजहंसने २०१० साली त्यांचं बायबल काढलं आणि त्यातल्या नव्या कराराला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला. काकांकडे आहे ते बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र', काळ्या कव्हरचं, कडा झिजलेलं, त्यांच्या वडिलांच्या हातचं. प्रत नगरला आहे. इथे तेच फोनवर.

काकांचं म्हणणं थोडक्यात असं. शास्त्र हे शास्त्रासारखं वाटलं पाहिजे. त्यात 'खचित' यायला पाहिजे, 'तुम्हांस' यायला पाहिजे. 'जो... तो...' अशी लांबलचक वाक्यं यायला पाहिजेत, ज्यांच्या शेवटापर्यंत पोचताना थोडं धापायला होतं. "वर्तमानपत्रासारखं लिहिलं तर वर्तमानपत्रासारखंच वाचलं जाणार, आणि संध्याकाळी त्यात भजी बांधून घेणार."

वसईकराचं म्हणणं की, काका, तुमचं 'खचित' शेवटचं कोण कुणाला म्हणालं होतं? येशू शिष्यांशी बोलला ते अरामी भाषेत, तिकडच्या गावभाषेत. शुभवर्तमानं लिहिली गेली ग्रीकमध्ये, आणि तीही पंडितांच्या नव्हे, बाजारात, बंदरात चालायची त्या ग्रीकमध्ये. म्हणजे येशूचे शब्द आपल्याकडे पोचले तेच मुळी भाषांतरातून. "तुम्ही ज्याला मूळ म्हणता ते पहिल्या दिवसापासून सोपंच होतं. अवघड नंतर आपण केलं."

मला हा मुद्दा बिनतोड वाटला होता. काकांना नाही वाटला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. सुबोध बायबल हा स्वैर मजकूर नव्हे. ते भाषांतरच आहे, फक्त आजच्या मराठीत, आणि सोबत प्रस्तावना, टिपा. स्वैर म्हणजे काय ते अमेरिकेत बघावं. केनेथ टेलर नावाचे गृहस्थ होते, शिकागोजवळ राहायचे, दहा मुलांचा बाप. रात्री मुलांना बायबल वाचून दाखवायचे आणि मुलांना ढिम्म कळायचं नाही. मग कामाला जाताना लोकलमध्ये बसून ते एकेक भाग मुलांना कळेल अशा इंग्रजीत पुन्हा लिहू लागले, तेही मूळ भाषांवरून नव्हे, तर १९०१ च्या एका इंग्रजी भाषांतरावरून. ते १९७१ मध्ये 'लिव्हिंग बायबल' म्हणून पूर्ण निघालं आणि धो धो खपलं. (विरार लोकलमध्ये एवढं लिहिता आलं असतं तर वसईने चार बायबलं दिली असती, इति वसईकर.) त्यानंतर युजीन पीटरसन या पाद्र्यांचं 'द मेसेज'. नवा करार १९९३ मध्ये, सगळं २००२ मध्ये. हे गृहस्थ मूळ भाषा जाणणारे, पण त्यांनी शब्द सोडून बोली पकडली. आजचा अमेरिकन माणूस शेजाऱ्याशी बोलेल तशी.

'द मेसेज' आमच्या वादात आलं ते काकांच्या नातीमुळे. नात पुण्यात, इंग्रजी शाळेत, आठवीत. दर शुक्रवारी सकाळी काका तिला फोनवर एक अध्याय वाचून दाखवायचे. ती हूं हूं करायची. एक दिवस ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही आकडा सांगा, मी इकडे वाचते," आणि तिने फोनवर जे उघडलं ते 'द मेसेज'. तिने दोन मिनिटं वाचून दाखवलं, म्हणाली हे एकदम कूल आहे, कळतं. काका त्या दिवशी जेवायला आले नाहीत.

मला वाटलं होतं की काकांचा राग सोप्या भाषेवर आहे. तो राग होता, पण खालचं दुखणं वेगळं होतं. पणजोबांनी जी मराठी वाचण्यासाठी अक्षरं गिरवली, ती मराठी नातीपर्यंत पोचलीच नाही. तिला देव भेटला तो अमेरिकेतून. आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं की काका आणि वसईकर ज्यावर भांडतायत ते भांडण बहुधा निकाली निघालं आहे, ते दोघे सोडून तिसऱ्याच्याच बाजूने. जुनी मराठी की सोपी मराठी, हा प्रश्न चाळिशीच्या पुढच्यांचा. पुढच्या पिढीपुढे पर्याय आहे तो सोप्या मराठीचा किंवा सोप्या इंग्रजीचा. त्यात 'खचित' कुठे उभंच नाही.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे म्हणा. माझ्या पुतण्याने महाभारत वाचलं ते इंग्रजी चित्रकथांतून. त्याच्या तोंडी 'भीमा' आणि 'अर्जुना' आहेत. मी त्याला सुधारत बसतो.

असो. काकांच्या 'जुन्या' बायबलविषयी थोडं वाचलं, तेव्हा आणखी गंमत कळली. मराठी नवा करार पहिल्यांदा छापून आला तो १८११ मध्ये, श्रीरामपूरहून, विल्यम कॅरी यांचा. (हे श्रीरामपूर बंगालमधलं बरं का. काकांना कित्येक वर्षं ते नगर जिल्ह्यातलंच वाटायचं आणि त्याचा अभिमानही होता.) मग अमेरिकन मिशनने मुंबईत १८२६ मध्ये आपला नवा करार काढला, १८४७ पर्यंत पूर्ण बायबल झालं, आणि पुढे ते पुन्हापुन्हा तपासलं, सुधारलं गेलं. म्हणजे काकांच्या वडिलांच्या हातचं ते काळं पुस्तकही कुणाची तरी सुधारून वाढवलेली नवी आवृत्तीच होती. पहिल्यांदा हातात पडलं तेव्हा कुणीतरी म्हातारं माणूस नक्की म्हणालं असेल, आमच्या वेळचं बरं होतं.

त्याच्याही मागे गेलं तर फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडचा माणूस, १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' छापलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या! देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून मराठी ओव्या रोमन लिपीत. हे तर भाषांतर म्हणता येणारच नाही, सरळ पुनर्कथन. ज्यांचं जुनं पुराण सुटलं त्यांना नवं पुराण हवं होतं, ते त्याने त्यांच्या कानाला ओळखीच्या चालीत दिलं. स्वर्गाला शब्द काय वापरला, तर वैकुंठ. आज कुणी असं केलं तर दोन्ही बाजूंचे लोक मोर्चे काढतील.

आणि नेमका याच शब्दांवर आक्षेप घेतला पंडिता रमाबाईंनी. संस्कृतात त्यांच्याइतकी गती असलेली बाई त्या काळात दुसरी नव्हती, आणि त्यांनाच मराठी बायबलातले संस्कृत शब्द खटकले. एक तर केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या खेड्यांतल्या बायकांना ते कळत नव्हते. दुसरं म्हणजे त्या शब्दांच्या पाठीवर हिंदू तत्त्वज्ञानाचं ओझं होतं. ते ओझं किती जड ते रमाबाईंइतकं कुणाला माहीत असणार? मग त्या हिब्रू शिकल्या, ग्रीक शिकल्या आणि एकटीने सगळं बायबल साध्या मराठीत आणलं. छापखाना मुक्तीतलाच, खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच मुली. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, आणि पुस्तक १९२४ मध्ये निघालं. पण चर्चमध्ये जुनंच चालत राहिलं. काकांच्या घरी रमाबाईंचा फोटो आहे, त्यांचं बायबल नाही. हे मी काकांना बोलून दाखवलं, तर म्हणाले, "फोटो वाचावा लागत नाही."

शब्दांच्या ओझ्याचा प्रकार आम्हाला टेबलावरच कळला. ख्रिस्ती मराठीत मोक्षाला 'तारण' म्हणतात. काकांच्या नातीने विचारलं, तारण म्हणजे बाबांनी फ्लॅटच्या कर्जासाठी बँकेला दिलं तेच ना? काका आधी चिडले, मग विचारात पडले. म्हणाले, "पोरगी चुकली नाही. कुणीतरी आपल्यासाठी स्वतःला गहाण ठेवलं, तेच तर आहे." कुठल्याच आवृत्तीच्या टिपेत हा अर्थ नसावा.

पण माझ्या लक्षात राहिला तो वाद धनगराचा. तेविसावं स्तोत्र अख्ख्या जगाला माहीत आहे, ज्यात देवाला मेंढरं राखणाऱ्याची उपमा दिली आहे. मराठीत शब्द 'मेंढपाळ'. वसईकर म्हणाला, काका, तुमच्या नगर जिल्ह्यात मेंढरं घेऊन कोण येतं? काका म्हणाले, धनगर येतात, दुसरं कोण? मेंढपाळ मी फक्त बायबलात पाहिला. वसईकर लगेच, मग लिहा की 'धनगर'! सोपं म्हणजे तेच.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "धनगर म्हटलं की काठी आली, घोंगडं आलं, बिरोबा आला, आरक्षणाचा मोर्चासुद्धा आला. दाविदाला मी माझ्या शिवारात उभं केलं तर तो दाविद राहतो का?"

हा मुद्दाही बिनतोड. या वादात मला दर वेळी शेवटी बोलणाऱ्याचं पटत आलेलं आहे.

आता यात अबकैकचा संबंध बघा. वसईकर म्हणतो की हे स्तोत्र त्याने लहानपणापासून शेकडो वेळा म्हटलं, पण हिरव्या कुरणाचं आणि शांत पाण्याचं त्यात एवढं काय कौतुक ते त्याला कधी समजलं नव्हतं. वसईत जिथे बघावं तिथे हिरवं, वाडीत विहीर, पावसाळ्यात तर पाणी नको म्हणायची पाळी. इथे आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात त्याने पाइपलाइनच्या रस्त्यावर मेंढरांचा कळप पाहिला. पन्नास अंशाला टेकलेलं ऊन, सुदानी मेंढक्या, आणि पाण्याचा टँकर यायची वाट बघत पिकअपच्या सावलीत दाटीवाटीने उभी असलेली मेंढरं. टँकर आला, मेंढक्याने हौदात पाणी सोडलं आणि कमजोर मेंढराला हाताने धरून पुढे आणलं. वसईकर गाडी थांबवून बघत बसला. कुठल्याही भाषांतरकाराने, जुन्या वा नव्या, त्याला ते सांगितलं नव्हतं. काकांना सांगायला लागलं नव्हतं, ते दुष्काळी भागातले.

आमच्या आजूबाजूच्या सौदी मंडळींना हा सगळा वाद कसा दिसत असेल, याचाही मी कधीकधी विचार करतो. त्यांच्यापुढे प्रश्नच नाही. कुराण म्हणजे अरबी कुराण. मदिनेत १९८४ पासून किंग फहद यांच्या नावाचा मोठा छापखाना आहे, तिथून अनेक भाषांत पुस्तकं निघतात, पण त्यांवर 'कुराणाच्या अर्थाचं भाषांतर' असं लिहिलेलं असतं. अर्थ भाषांतरित होतो, ग्रंथ होत नाही. मला ही व्यवस्था स्वच्छ वाटते. आपल्याकडेही गीता संस्कृतच राहिली आणि ज्ञानेश्वरी तिच्या शेजारी उभी राहिली, पुढे विनोबांची गीताई उभी राहिली. पण गंमत अशी की ज्ञानेश्वरी स्वतःच एवढी जुनी झाली की आता तिच्याखाली गद्य अर्थ छापावा लागतो. माझी आई रोज सार्थ ज्ञानेश्वरी घेऊन बसते. अर्थ छापलेला असतो, तो ती वाचत नाही. ओव्या म्हणते आणि पान उलटते. काका आणि माझी आई यांची भेट व्हायला हवी.

फिलिपिनो लोकांकडे तर आमच्यापेक्षा मोठी धुमश्चक्री झालेली. तिथल्या बायबल सोसायटीने २०१८ मध्ये नवा करार काढला तो टागालोग आणि इंग्रजी यांच्या खिचडीत, म्हणजे मनिलाची पोरं खरोखर बोलतात तशा भाषेत. आमच्याकडच्या इलेक्ट्रिकल फोरमनला तो विषय काढला तर अजून तापतो. "देव जीपनीत बसून बोलतोय असं वाटतं," म्हणतो. (जीपनी म्हणजे त्यांच्याकडची वडाप.) त्याच्याच हाताखालचा तरुण पोरगा म्हणतो की शाळा सुटल्यापासून मी पहिल्यांदा एक शुभवर्तमान शेवटपर्यंत वाचलं. दोघेही खरं बोलतायत, आणि दोघेही एकाच पाळीत काम करतात.

आता जे सांगतो ते वसईकराची परवानगी घेऊन.

गेल्या वर्षी त्याची आई गेली. आजार लांबलेला होता, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं, फादर येऊन तेल लावून गेले होते. हा निघायच्या तयारीत, पण तिकीट दुसऱ्या दिवसाचं. त्या रात्री बहिणीचा व्हिडिओ कॉल आला की बोलायचं असेल तर आत्ता बोल. वसईत रात्रीचे दोन वाजले होते, इथे साडेअकरा. मी आणि काका त्याच्या खोलीतच होतो. आईचे डोळे मिटलेले. बहीण म्हणाली, तिला ऐकू येतं, काहीतरी वाच.

त्याने सुबोधचा नवा करार उघडला. योहानाच्या शुभवर्तमानातला चौदावा अध्याय, जिथे निरोप घेताना येशू शिष्यांना सांगतो की मी पुढे जाऊन तुमच्यासाठी जागा तयार करतो. दोन-तीन वाक्यं त्याने वाचली. मग त्याचा आवाज थांबला. पुस्तक त्याने पलंगावर उपडं ठेवलं आणि तो बोलायला लागला, त्यांच्या घरच्या बोलीत, कादोडीत. मला त्यातलं अर्धंमुर्धं कळलं. बाबा पुढे गेलेत, त्यांनी खोली झाडून ठेवलीय, पाण्याची सोय आहे, तू घाबरू नको, असं काहीतरी. इथे नवा माणूस येणार असला की आधी आलेला त्याची खोली लावून ठेवतो, अगदी तशा सुरात.

म्हणजे बघा, मी ज्याला 'सोपी मराठी' म्हणत होतो ती त्या घराला सोपी नव्हतीच. सुबोध बायबलची मराठी ही त्यांच्यासाठी शाळेची आणि चर्चची मराठी. त्याच्या आईने लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये ऐकली होती. साठच्या दशकात व्हॅटिकनच्या परिषदेनंतर ती मराठीत आली, तेव्हा ती म्हणे घरी येऊन म्हणाली होती की देव आज पहिल्यांदा समोर बसल्यासारखा वाटला, पण थोडा लहानही वाटला. पुस्तकातून घरातल्या बोलीपर्यंतची शेवटची पायरी कुठल्याच भाषांतरकाराने केलेली नव्हती. ती त्या रात्री मुलाने केली.

काका भिंतीला टेकून बसले होते. स्वैर, शास्त्राला धरून नसलेलं, छापलं असतं तर काकांनी उभं-आडवं फाडलं असतं असं ते सगळं त्यांनी ऐकलं आणि शेवटी आमेन म्हणाले.

मला काय वाटतं? मी बाहेरचा माणूस, पण इतकी वर्षं ऐकल्यावर मतं होतातच. प्लँटवर ड्रॉइंगमध्ये बदल केला की त्या बदलाभोवती ढगासारखी रेघ काढतात आणि शेजारी त्रिकोणात आवृत्तीचा आकडा घालतात. बदल करायला हरकत नसते. ढग न काढता बदल करणाऱ्याला मात्र कोणी सोडत नाही, कारण पुढचा माणूस ती रेघ मूळची समजून त्यावर व्हॉल्व्ह बसवतो. स्वैर बायबलाबद्दल माझी तक्रार एवढीच आहे. तिथे ढग नसतो. कुठे मूळ संपलं आणि कुठे लेखकाचं सुरू झालं ते वाचणाऱ्याला दिसत नाही, आणि भाषा इतकी गुळगुळीत असते की शंकाही येत नाही. मजकुरात सरळ मराठी आणि स्पष्टीकरण वेगळं टिपेत, ही सुबोधची पद्धत मला म्हणूनच जास्त प्रामाणिक वाटते. काकांचं 'खचित' माझ्या कानाला गोड लागतं, पण ज्याच्या लहानपणात ते नव्हतं त्याच्यासाठी ते बंद दार आहे, आणि बंद दारापुढे उभं राहून पोरं किती वेळ वाट बघणार? ती शेजारच्या उघड्या दाराने जातात. ते दार इंग्रजीचं आहे.

काकांपुढे मी हे ढगाचं मांडलं तर म्हणाले, "तुम्ही इथे काय करता? तेलातला विषारी वायू काढता, म्हणजे ते जहाजात भरता येतं. बरोबर आहे, काढलाच पाहिजे. पण वास गेला की ते तेल कुठल्या विहिरीतलं हे सांगता येतं का?" सांगता येतं, लॅबमध्ये. पण मी बोललो नाही.

सध्या काकांनी शुक्रवारची पद्धत बदलली आहे. नातीला ते आवाजी निरोप पाठवतात. आधी जुन्या बायबलातला भाग, सावकाश, 'खचित'सकट. मग तोच भाग आपल्या शब्दांत, नगरी हेल काढून. परवा तेविसावं स्तोत्र चाललं होतं. मी शेजारीच चहा पीत होतो आणि दुसऱ्या भागात स्वच्छ 'धनगर' ऐकला. निरोप गेल्यावर मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

"हे मी सांगतोय," काका म्हणाले, "छापत नाहीये."

दहा मिनिटांत नातीचं उत्तर आलं, मराठीत: "आजोबा, त्याच्याकडे कुत्रा होता का?" स्तोत्रात काठी आहे, कुत्रा नाही. काकांनी तेवढ्यासाठी तास घालवला आणि ईयोबाच्या पुस्तकात, तिसाव्या अध्यायाच्या सुरुवातीला, मेंढरं राखणारी कुत्री शोधून काढली. आता ती सगळ्या आवृत्त्यांत कुत्रीच आहेत ना, हे बघण्यासाठी त्यांना सुबोधचा जुना करार हवा आहे. वसईकर डिसेंबरात घरी जातोय, त्याला त्यांनी पानाचा फोटो काढून पाठवायला सांगितलंय.